कळलं, तरी हाताला वळायला हवं

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना संवाद कसा शिकवायचा, याच्या प्रशिक्षणाला येण्याआधी आम्ही प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागून घेतो : दहा मिनिटांचा व्हिडिओ. मूल आणि मोठं माणूस खेळताहेत, किंवा खाऊची वेळ आहे, किंवा कपडे बदलणं चाललंय. मोबाइल कुठेतरी टेकवून ठेवायचा, मुद्दाम काही करून दाखवायचं नाही. पहिल्या सकाळी व्याख्यान नसतं. कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे मोठ्या माणसाचं बोलणं : प्रश्न किती, हुकूम किती, नुसतं वर्णन किती, आणि पाच सेकंदांहून जास्त वेळ गप्प राहिलो असं किती वेळा. उजवीकडे मुलाने आपणहून केलेलं काहीही : हात ओढला, वस्तूकडे बघून मग माणसाकडे बघितलं, आवाज काढला, डबा आणून मांडीवर ठेवला, शब्द उच्चारला. ज्याचा व्हिडिओ त्यानेच मोजायचं. आम्ही मध्ये बोलत नाही.

डावी बाजू भराभर भरते. ‘हे काय आहे? रंग कोणता? इकडे बघ. नीट बस. सांग ना, हे काय आहे?’ शांततेच्या रकान्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. उजवी बाजू आधी रिकामी दिसते. मग तोच व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघायला सांगतो, आणि ती भरायला लागते. मुलाचा हात डब्याकडे निघाला होता, पण तो पोचायच्या आत डबा उघडून समोर आला. मुलाने तोंड फिरवलं होतं, ते ‘नको’ होतं, आणि हनुवटी धरून त्याचा चेहरा परत वळवला गेला. या मोजणीला दीड तास लागतो. वेळ कमी असला तर पुढचं काहीही कापतो, पण हा दीड तास कापत नाही.

गटात शक्यतो एकाच मुलाची दोन माणसं बोलावतो : घरातलं एक आणि त्या मुलासोबत काम करणारं एक, मग ते विशेष शिक्षक असोत, वाचा-उपचारतज्ज्ञ असोत की वर्गातले मदतनीस. दोघांच्या चुका उलट्या दिशेच्या असतात. पालक, विशेषतः आई, मनकवडी झालेली असते. मुलाच्या भुवईवरून तिला तहान कळते, त्यामुळे मुलाला कोणाला काही सांगायची गरजच उरत नाही. व्यावसायिकांचं तसं नसतं. त्यांना सत्र आपल्या हातात ठेवायची सवय असते : टेबल, खुर्ची, समोर कार्ड, ‘दाखव बघू’. तिथे मूल फक्त उत्तरं देतं, सुरुवात करत नाही. दोघांना समोरासमोर बसवलं की एकमेकांच्या सवयी लवकर दिसतात, आणि घर व शाळा यांत वेगवेगळ्या पद्धती चालू राहण्याचा धोकाही कमी होतो.

त्यानंतर बोलणं आणि संवाद यांतला फरक. पुष्कळ स्वमग्न मुलांना शंभरपर्यंत आकडे येतात, जाहिराती तोंडपाठ असतात, चित्रांची नावंही येतात, पण ‘पोट दुखतंय’ हे सांगता येत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांबद्दल लिहिलं, त्यांतली ८ बोलू लागली होती आणि ३ बोलत नव्हती. तरी दुसऱ्यापर्यंत काही पोचवण्याच्या दृष्टीने या दोन गटांत मूलभूत फरक नाही, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भाषेची फोड तिच्या कामावरून केली : मागणं वेगळं, नाव सांगणं वेगळं, ऐकलेलं पुन्हा म्हणणं वेगळं, बोलण्याला बोलण्याने उत्तर देणं वेगळं. प्रशिक्षणार्थींना हे कोरडं वाटू शकतं, पण याच फोडीमुळे एक कोडं सुटतं. चित्र दाखवल्यावर ‘चेंडू’ म्हणणारं मूल चेंडू हवा असताना रडत का बसतं? कारण त्याला नाव सांगायला शिकवलंय, मागायला नाही. एक आलं म्हणजे दुसरं आपोआप येतं असं नसतं.

आम्ही सुरुवात मागण्यापासून करतो. मागणीचं फळ मुलाला लगेच हातात मिळतं. नाव सांगितल्यावर मिळते ती शाबासकी, आणि अनेक मुलांना तिचं सुरुवातीला काहीच वाटत नाही.

मागायला शिकवायचं तर मुलाला खरोखर काय हवंय हे माहीत हवं. इथे जवळजवळ प्रत्येक जण ‘ते माहीत आहे’ म्हणतो आणि मागच्या महिन्याची यादी देतो. म्हणून आम्ही पसंतीची चाचणी करायला लावतो. पाच-सहा वस्तू एका ओळीत मांडायच्या. मूल जी उचलेल ती त्याला अर्धा मिनिट वापरू द्यायची, मग बाजूला काढायची, उरलेल्यांच्या जागा बदलून पुन्हा मांडायच्या. शेवटची वस्तू उरेपर्यंत हेच. उचलण्याचा क्रम तोच पसंतीचा क्रम. १९९६ मध्ये डीलिऑन आणि इवाटा यांनी ही रीत मांडली आणि ती स्वयंपाकघराच्या फरशीवरही दहा मिनिटांत होते. आवड रोज बदलते, त्यामुळे प्रत्येक सराव सुरू करण्याआधी दोन वस्तू पुढे करून एक छोटी खातरजमा करायची.

वस्तू निवडतानाही विचार लागतो. साबणाचे फुगे, किल्लीचं खेळणं, हवा सोडून उडवायचा फुगा या चांगल्या, कारण त्या आपोआप संपतात आणि पुन्हा मागाव्या लागतात. टॅबलेट सुरुवातीला नको. तो संपत नाही, हिसकावून घ्यावा लागतो, आणि मग शिकण्यापेक्षा भांडण जास्त होतं. दिवसभर हाताशी पडून असलेली वस्तू कोणी मागत नाही, म्हणून सरावाच्या वस्तू दिसतील पण हाताला येणार नाहीत अशा ठेवायच्या : पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा उंच फळीवर. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो आणि शेवटपर्यंत पुसत नाही. पाणी, जेवण, शौचाला जाणं, जवळ घेणं आणि मुलाचं संवादाचं साधन या गोष्टी शिकवण्यासाठी अडवून धरायच्या नाहीत. तहानलेल्या मुलाला ‘पाणी म्हण, मगच देईन’ म्हणणं ही शिकवणी नाही.

चित्र देऊन वस्तू घेण्याची पद्धत, पेक्स, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये विकसित केली. आमच्या प्रशिक्षणाचा सर्वात मोठा भाग तिच्या पहिल्या पायरीवर जातो. इतका वेळ कशाला, असं अनेकांना वाटतं, कारण ऐकायला ती सोपी आहे : मुलाने चित्र द्यायचं, आपण वस्तू द्यायची. तिथेच सगळ्यात जास्त बिघडतं.

पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, ज्याच्याशी संवाद करायचाय. दुसरं मुलाच्या मागे, फक्त हाताला मदत करणारं. मूल आणि समोरचा यांच्यामध्ये एक चित्र, पाच सेंटिमीटरच्या आसपास, मुलाच्या हाताशी. समोरचा माणूस आवडती वस्तू दाखवतो, काहीही बोलत नाही. मूल वस्तूकडे हात नेतं. त्याच क्षणी मागचा माणूस तो हात चित्राकडे वळवतो, चित्र उचलायला मदत करतो, समोरच्याच्या हातापर्यंत नेतो, सोडायला मदत करतो. चित्र हातात पडताच समोरचा वस्तूचं नाव घेतो आणि वस्तू देतो. ‘शाब्बास, किती छान दिलंस’ हे आधी आणि वस्तू नंतर असं झालं की दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्या वेळात चित्र आणि वस्तू यांचं नातं मुलाच्या दृष्टीने तुटतं.

एकाच माणसाने दोन्ही कामं केली तर? समोर बसून तोच मुलाचा हात धरणार, म्हणजे मुलाने पुढाकार घेण्याआधीच मोठ्या माणसाने घेतला. म्हणूनच दोघं. घरी दुसरं माणूस नसेल तर पहिले काही दिवस शेजारचं कोणी, भावंड, आजी-आजोबा कोणालाही मागे बसवा, पण ही पायरी एकट्याने करू नका, असं आम्ही सांगतो.

सरावात मुलं नसतात. तिघांचे गट करतो आणि भूमिका फिरवतो : मूल, समोरचा, मागचा. मुलाची भूमिका करणाऱ्याला चिठ्ठी देतो : ‘चित्र तोंडात घाल’, ‘चित्र फेक’, ‘वस्तूवर झडप घाल’, ‘काहीच करू नकोस, नुसता बस’. प्रत्येकाने प्रत्येक भूमिकेत किमान वीस देवाणघेवाणी करायच्या. एका प्रशिक्षकामागे पाचांहून जास्त माणसं घेत नाही, कारण बघायचे असतात हात, आणि एका वेळी फार हात बघता येत नाहीत.

ज्या चुका दिसतात त्या जवळजवळ दर वेळी त्याच. समोरच्याचा तळहात लवकर उघडतो. हात पसरला म्हणजे ती ‘दे’ अशी सूचनाच झाली. मग मूल पसरलेल्या हाताची वाट बघायला शिकतं आणि हात दिसला नाही तर चित्र देत नाही. तळहात उघडायचा तो मुलाची हालचाल सुरू झाल्यावर, आणि पुढे तोही उशिरा उशिरा. दुसरी चूक मागच्या माणसाची : मुलाचा हात निघायच्या आधीच त्याचा हात निघतो. तसं झालं की मूल पाठीमागून स्पर्श होण्याची वाट बघत बसतं. मागच्याने बोलायचं नाही, कौतुक करायचं नाही, मुलाच्या नजरेत यायचं नाही. तिसरी चूक तोंडाची. ‘काय पाहिजे?’ हा प्रश्न इतका सवयीचा असतो की दाबून ठेवला तरी निसटतो. काही जणांना आम्ही सरावात ओठांवर बोट ठेवून बसायला सांगतो, आणि तेही स्वतःहून हसत मान्य करतात. पण कारण गंभीर आहे. प्रश्नानंतरच मागायला शिकलेलं मूल, कोणी विचारलंच नाही तर गप्प राहतं. शाळेत चाळीस मुलांमध्ये त्याला कोण विचारणार?

मदत कमी करायची ती शेवटापासून. आधी सोडायची मदत काढायची, म्हणजे चित्र हातापर्यंत नेऊन द्यायचं आणि सोडणं मुलावर ठेवायचं. मग नेण्याची काढायची. उचलण्याची सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलं तर मूल पहिल्याच टप्प्याला अडतं आणि वस्तूपर्यंत पोचतच नाही. हातांची मदत हळूहळू विरळ करता येते : मनगटावरून कोपराला, कोपरावरून नुसता स्पर्श, मग काहीच नाही. तोंडी सूचना अशी विरळ होत नाही, म्हणून ती पहिल्यापासूनच नको.

दुसऱ्या पायरीत अंतर वाढतं. समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकतो, मग दोन, मग पाठ वळवून बसतो, मग दाराबाहेर. वेगळ्या वेळी चित्रांची वही मुलापासून दूर सरकवायची. दोन्ही अंतरं एकाच दिवशी वाढवली की मूल सोडून देतं आणि ‘त्याला जमत नाही’ असा शेरा पडतो. शिकवणारी माणसं ही पायरी घाईने उरकतात. आमच्या मते सगळ्यात मोलाची हीच, कारण खऱ्या आयुष्यात आई समोर वस्तू धरून बसलेली नसते. माणूस शोधायचा, त्याचं लक्ष वेधायचं, तो गुंतलेला असला तरी नेटाने पुन्हा प्रयत्न करायचा हे इथेच शिकलं जातं.

तिसऱ्या पायरीत चित्रं ओळखणं. आवडीच्या वस्तूचं एक चित्र, नावडीच्या वस्तूचं एक. मूल जे चित्र देईल तीच वस्तू द्यायची. नावडत्या पायमोज्याचं चित्र दिलं तर पायमोजाच. मूल नाराज झालं की दुरुस्तीच्या चार पायऱ्या : योग्य चित्र बोटाने दाखवायचं, मदत करून ते घ्यायचं आणि नुसतं कौतुक करायचं, मग मध्ये एखादी सोपी ओळखीची कृती (टाळी दे, उडी मार), आणि मग पुन्हा तीच परिस्थिती. या वेळी बरोबर दिलं की वस्तू. मधली कृती अनेक जण विसरतात. ती नसली तर मूल नुकतंच दाखवलेलं चित्र पुन्हा देतं, त्याने निवड केलेली नसते. ‘नाही, चुकलं’ हे शब्द कुठेच येत नाहीत. नंतर दोन्ही वस्तू आवडीच्या असतात, तेव्हा चित्र घेतल्यावर दोन्ही समोर ठेवून ‘घे’ म्हणायचं आणि मूल कोणती उचलतं ते बघायचं. चित्र आणि उचललेली वस्तू जुळत नसेल तर ओळख झालेली नाही.

ही पायरी आठवडेच्या आठवडे अडून राहिली तर मुलाकडे बघण्याआधी साहित्याकडे बघा. लॅमिनेशनच्या चकाकीवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं का? चित्रं नेहमी त्याच बाजूला लागतात का? तसं असेल तर मूल चित्राऐवजी जागा पाठ करतं. नावडती वस्तू खरंच नावडती आहे का? चित्रं काहीच कळत नसतील तर वस्तूचाच भाग लावा : डब्याचं झाकण, फुग्यांच्या बाटलीची कांडी.

चौथ्या पायरीत वाक्याची पट्टी येते आणि मराठीचा खास प्रश्न उभा राहतो. मूळ पद्धतीत ‘आय वाँट’चं कार्ड डावीकडे पक्कं असतं आणि त्यापुढे वस्तूचं चित्र. मराठीत ‘हवा’ घेतलं की ते लिंगाप्रमाणे बदलतं : चेंडू हवा, गाडी हवी, पाणी हवं. एका कार्डावर काय छापणार? म्हणून आम्ही ‘पाहिजे’ वापरतो. चेंडू पाहिजे, गाडी पाहिजे, पाणी पाहिजे, एकच रूप चालतं. क्रियापद शेवटी येतं, तेव्हा पट्टीवर आधी वस्तू, मग ‘पाहिजे’. असं केलं की मूल पट्टी वाचताना बोट ज्या क्रमाने नेतं तेच घरात ऐकू येणारं वाक्य असतं. पुढे आजूबाजूच्या गोष्टींबद्दल सांगायची पायरी आली की हाच प्रश्न ‘दिसतो-दिसते-दिसतं’चा होतो. तिथे ‘आहे’ बरा : ‘कुत्रा आहे’, ‘गाडी आहे’.

पट्टी हातात आली की मोठ्या माणसाने ती मुलाकडे फिरवून, त्याच्या बोटासोबत वाचायची. काही दिवसांनी वस्तूच्या चित्रापाशी किंवा ‘पाहिजे’च्या आधी तीन ते पाच सेकंद थांबायचं. त्या जागेत काही मुलं आवाज काढतात, काही अर्धा शब्द, काही पूर्ण. काहीच आलं नाही तर वाक्य आपण पुरं करायचं आणि वस्तू द्यायची. शब्दाच्या आशेने वस्तू रोखली की झालेला संवाद नाकारल्यासारखं होतं. पट्टी दिली तेव्हाच मागणी पुरी झालेली असते.

पाच सेकंद थांबणं अवघड जातं. घड्याळाचा सेकंदकाटा बघत सराव करून घेतो, कारण मनातल्या मनात मोजलेले पाच सेकंद प्रत्यक्षात दोनच निघतात. आणि थांबणं म्हणजे मोबाइलकडे बघणंही नाही. अंग पुढे झुकलेलं, भुवया वर, चेहऱ्यावर ‘मी ऐकतोय’.

पालकांचा सगळ्यात काळजीचा प्रश्न बहुधा जेवणाच्या सुट्टीत, हळू आवाजात येतो. चित्रं दिली तर बोलणं थांबेल का? २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींवरचे अभ्यास तपासले. ज्यांची नोंद सर्वात भक्कम होती अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं-खुणांसारख्या पर्यायी साधनामुळे कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडं वाढलं होतं. ही वाढ बहुधा माफक असते, आणि चित्रं दिली की मूल हमखास बोलेल असं वचन आम्ही देत नाही. स्वमग्न मुलांपैकी काही जण पुढेही फार कमी बोलतात. त्यांच्यासाठी चित्रं, खुणा किंवा बोलणारं उपकरण हीच भाषा असते आणि ती आयुष्यभर हाताशी राहायला हवी.

बोलणारं उपकरण किंवा संवादफलक (चित्रांचा फलक) वापरणाऱ्यांसाठी वेगळं अर्धं सत्र असतं. मोठ्या माणसाने स्वतः बोलताना त्यावर बोट ठेवत जायचं. मूल एक चित्र दाखवत असेल तर आपण दोन दाखवायची : ‘अजून’, ‘फुगे’. मुलाकडून लगेच तसं करून घ्यायचं नाही. फलकावर फक्त वस्तूंची नावं भरली जातात ही नेहमीची त्रुटी. नावांनी मागता येतं, पण दिवस चालतो ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘मदत’, ‘झालं’, ‘जाऊ या’ या शब्दांवर. हे शब्द नेहमी त्याच जागी असले पाहिजेत. दर महिन्याला मांडणी बदलणं म्हणजे आपल्या कीबोर्डवरची अक्षरं दर महिन्याला हलवण्यासारखं आहे.

याच सत्रात एक इशारा स्पष्ट देतो. मुलाचा हात किंवा कोपर धरून, किंवा अक्षरांचा फलक हवेत धरून, त्याच्याकडून लांबलांब वाक्यं ‘लिहवून’ घेण्याचे प्रकार आहेत. फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन या, हात धरून लिहवण्याच्या पद्धतीच्या नियंत्रित चाचण्यांत मुलाला एक चित्र आणि मदतनीसाला वेगळं चित्र दाखवलं, तेव्हा उत्तर मदतनीसाने बघितलेल्या चित्राचं येत होतं. मदतनीस खोटं बोलत नव्हते, त्यांना स्वतःच्या हाताचा जोर कळतच नव्हता. म्हणून आम्ही दर वेळी दोन प्रश्न विचारायला लावतो : ही मदत ठरवून कमी होतेय का? आणि मदतनीसाला माहीत नसलेली गोष्ट मूल सांगू शकतं का?

बोलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी प्रतिध्वनीचा, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं बोलण्याचा भाग महत्त्वाचा. आई विचारते, ‘तुला पाणी पाहिजे?’ मूल पाणी हवं असताना म्हणतं, ‘तुला पाणी पाहिजे?’ स्वरही प्रश्नाचाच. त्याने वाक्य नीटच पकडलंय, आपण ते चुकीच्या तोंडातून दिलं. म्हणून मुलाच्या तोंडात शोभेल असं बोलायचं : ‘पाणी दे’ किंवा ‘मला पाणी पाहिजे’. मराठीत आणखी एक घडतं. दिवसभर आईसोबत असलेला मुलगा ‘मी येते’ म्हणतो. संवादाच्या मध्येच ‘येते नाही, येतो’ अशी दुरुस्ती करायची नाही. तो कुठे येतोय ते बघा, हात धरा, जा. ‘येतो’चा नमुना बाबांच्या किंवा भावाच्या तोंडून आपसूक कानावर पडू द्या.

प्रतिध्वनी निरर्थक समजून ‘गप्प’ करण्याची रीत जुनी आहे. प्रिझंट आणि डुचान यांनी १९८१ मध्ये लगेच उमटणाऱ्या प्रतिध्वनीची सात वेगवेगळी कामं दाखवली. त्यांत आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःशी बोलून कृती सांभाळणं अशी कामं होती. आम्ही पालकांना आठवडाभर एक वही ठेवायला लावतो. वाक्य काय, त्याआधी काय घडलं, नंतर मूल कुठे गेलं किंवा काय केलं. जाहिरातीतली एखादी ओळ दर वेळी अंघोळीच्या आधीच का येते, हे तीन-चार नोंदींनंतर बहुधा घरच्यांनाच कळतं.

आता मारणं, चावणं, डोकं आपटणं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं की अशा वागण्यातून मुलाला काय मिळतं ते शोधून त्याच गोष्टीसाठी त्याला दुसरा संदेश शिकवला तर ते वागणं कमी होतं. इथली मेख अशी की नवा संदेश जुन्या वागण्यापेक्षा सोपा, जलद आणि खात्रीचा असायला हवा. काम टाळण्यासाठी मूल चावत असेल आणि एका चाव्याने दोन सेकंदांत सुटका होत असेल, तर ‘मला थोडी विश्रांती पाहिजे’ ही चार चित्रांची पट्टी कधीच जिंकणार नाही. एकच कार्ड, हाताशी, आणि पहिले कित्येक दिवस ते दाखवताच दर वेळी सुट्टी. दिवसातून पन्नास वेळा दाखवलं तरीही. शिक्षकांना इथे भीती वाटते की काम होणारच नाही. सुरुवातीला खरंच कमी होतं. पण कार्डावर विश्वास बसल्याशिवाय ‘थांब’ शिकवता येत नाही. ‘थांब’चं कार्डही अर्ध्या मिनिटापासून सुरू करायचं नाही. हातात द्या, दोन सेकंद, वस्तू द्या. मग तीन, मग पाच. मध्ये रडारड झाली तर आपण फार लांब उडी मारली, मागे या. जुन्या वागण्याला पूर्वीसारखं फळ मिळेनासं झालं की ते विरण्याआधी काही काळ जोरात वाढतं, हे आधीच सांगून ठेवतो. न सांगितल्यास तिसऱ्या दिवशी सगळे हात टेकतात, आणि मूल आणखी जोराने मारायला शिकतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर हे काम घरी एकट्याने करायचं नाही. अनुभवी तज्ज्ञ सोबत हवा, आणि दातदुखी, बद्धकोष्ठ, कानदुखी डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यायला हवी.

‘नको’चं कार्ड शिकवताना पालक विचारतात, औषधाला नको म्हटलं तर? जिथे नकार चालणार नाही तिथे ‘पाहिजे का?’ असं विचारूच नये. तिथे क्रम दाखवायचा : आधी औषध, मग फुगे. नकार जिथे मानता येतो तिथे मात्र दर वेळी, लगेच मानायचा.

कार्यशाळेत हे सगळं कळतं, पण वळत नाही. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं आणि तिथेच दुरुस्त करणं या चारांतलं शेवटचं घरात चालू राहिलं नाही तर महिन्याभरात जुने प्रश्न परततात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-कौशल्य कार्यक्रमात २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ९ गटसत्रांसोबत ३ गृहभेटी ठेवल्या आहेत, त्या याचसाठी. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांसोबत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा सत्रांतून पालकांना व्हिडिओ दाखवत शिकवलं. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला, आणि मुलं पालकांशी आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. परस्पर लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी कमी झाला. जे मुद्दाम बदललं नाही ते आपोआप सुधारेल, अशी आशा ठेवता येत नाही.

आमचा पाठपुरावा छोटा असतो. आठवड्याला पाच मिनिटांचा एक व्हिडिओ. बघणाऱ्याने आधी काय नेमकं बरोबर झालं ते सांगायचं, ‘छान’ असं मोघम नाही : ‘तिसऱ्या वेळी तुम्ही हात उशिरा उघडलात, आणि त्याने स्वतः चित्र पुढे केलं.’ मग बदलायची एकच गोष्ट. तीन सांगितल्या की एकही होत नाही. दहा मुद्द्यांच्या तपासणी-यादीत किमान आठ सलग दोन व्हिडिओंत दिसले की पुढची पायरी. नोंदीही दोनच आकड्यांच्या : मुलाने न विचारता किती वेळा संवाद सुरू केला, आणि किती वेगवेगळ्या माणसांशी. मोठे तक्ते आम्ही बंद केले, कारण ते रात्री आठवून भरले जायचे. त्याऐवजी एका खिशात दहा खडे ठेवायचे आणि मुलाने सुरुवात केली की एक खडा दुसऱ्या खिशात टाकायचा. दुसऱ्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. पन्नास मागण्या झाल्या आणि सगळ्या एकट्या आईकडेच, तर ते कौशल्य अजून एकाच माणसाला चिकटलेलं आहे.

सहा आठवड्यांनी भेट. आत गेल्यावर पहिल्यांदा बघतो चित्रांची वही कुठे आहे. कपाटात, दप्तरात किंवा फ्रिजवर असेल, तर बाकीचं विचारायची गरज पडत नाही. ती मुलाच्या कमरेच्या उंचीवर, ठरलेल्या खिळ्याला, आणि बाहेर जाताना पट्ट्याने खांद्याला हवी. चुरगळलेली, कडा निघालेली चित्रं दिसली की बरं वाटतं. वेल्क्रोची मऊ बाजू वहीला आणि खरखरीत बाजू चित्रांना लावायची, सगळ्या वह्यांत तशीच, म्हणजे शाळेतलं चित्र घरच्या वहीलाही बसतं. रोजच्या वापरातल्या प्रत्येक चित्राच्या दोन जादा प्रती पाकिटात तयार ठेवायच्या. चित्र हरवलं त्या दिवशी मुलाने ते शोधायचा प्रयत्न केला का, आणि तोवर घरातल्यांनी काय केलं, हे आम्ही शेवटी विचारतो.